न निघणारा मळ

तुमच्या मुलाची किंवा मुलीची मान तुम्ही शेवटची कधी पाहिली? चेहऱ्याचे विचारत नाही, तो तुम्ही रोज पाहता. मी विचारते आहे मानेची मागची बाजू, केस संपतात आणि कॉलर सुरू होते त्यांच्या मधली. आठवत नसेल तर लाजू नका. सौंसरच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासायचे काम करूनही मी कोणाच्या मानेकडे पाहत नव्हते. माझे सगळे लक्ष काचेच्या नळीत असायचे. नळीतून मान वर करून समोरच्या माणसाकडे पाहायला मला पांढुर्ण्याच्या एका हॉटेलवाल्याच्या मुलीने लावले. हे लिहिते आहे ते तिच्यासाठी.

अनुभव लिहायला केस पिकावे लागतात असे म्हणतात. माझे पिकलेले नाहीत आणि तोवर थांबायची माझी तयारी नाही. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. सभांची, संपांची, सत्याग्रहांची पत्रके तिथे छापली जात आणि त्यांतली बिघडलेली घरी येत. मी त्यांच्यावर वाचायला शिकले. इतर मुले 'कमळ बघ' म्हणत होती तेव्हा मी 'बंधूंनो, किती दिवस सहन करणार' असे जोडून वाचत होते. त्यामुळे माझ्या लिहिण्याला एक खोड आहे. परिच्छेद संपत आला की मला वाचणाऱ्याकडे काहीतरी मागावेसे वाटते. शेवटी मागणारच आहे, आधीच सांगून ठेवते.

आधी काम सांगते, कारण लोकांना ते कळत नाही. गावात मला 'लघवीवाली बाई' म्हणतात. सुरुवातीला मी भांडायचे. आता म्हणते, हो, तीच.

लघवीतली साखर पाहायची एक जुनी, साधी रीत आहे. नळीत निळे औषध घ्यायचे, त्यात लघवीचे थोडे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. निळे ते निळेच राहिले तर साखर नाही. हिरवे झाले तर थोडी आहे. पिवळे झाले तर जास्त. आणि नारिंगी, विटकरी झाले तर बसा, डॉक्टरांना बोलावते. आमचा मुलूख संत्र्यांचा. बागेत जो रंग आला की लोक देवाला नारळ फोडतात, तोच रंग माझ्या नळीत आला की मला घाम फुटतो.

लोधीखेड्याचे एक काका पितळेचा लोटा भरून घेऊन आले होते. काठोकाठ.

"एवढी कशाला आणली, काका?"

"थोडी आणली असती तं थोडीच साखर सापडली असती ना, बाई. म्हटलं, पुरी पाहून घ्या एकदाची."

बोरगावचे एक संत्र्याचे बागाईतदार होते. त्यांचा तपासणीवर विश्वास नव्हता, मुंग्यांवर होता. "लघवीले मुंग्या येऊनच नाही राहिल्या तं साखर कुठून आली?" असे म्हणून ते माझ्याशी वाद घालत उभे राहिले. तोवर नळी उकळली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली आणि खूश होऊन म्हणाले, "रंग पाहा. मृग बहाराचा माल आहे हा."

सगळे हसले. मीही हसले. पुढच्या उन्हाळ्यात ते बैलगाडीतून आले तेव्हा पायाचा अंगठा काळा पडला होता. तेव्हा कोणी हसले नाही.

आमचे डॉक्टर त्या दिवशी फार चिडले होते. ते किडकिडीत, तापट, चहा गार करून पिणारे गृहस्थ. मी त्यांच्याइतका प्रामाणिक माणूस सरकारी नोकरीत पाहिलेला नाही. अंगठा पाहून ते हात धूत म्हणाले, "आपण नेहमी शेवटच्या थांब्यावर उभे असतो. गाडी सुटते कुठून, ते कोणी पाहतच नाही."

"कुठून सुटते?" मी विचारले.

"शाळेतून," ते म्हणाले.

मला ते पटले नाही. साखर, रक्तदाब हे पन्नाशीतले रोग, शेटलोकांचे रोग. शाळेत पाहायचे ते खरूज, जंत आणि रातांधळेपणा. आमच्याकडे पोटभर जेवण नसलेली मुले भरपूर आहेत आणि त्यांच्यासाठी भांडायचे सोडून सुटलेल्या पोटांच्या मागे कशाला लागायचे, असे मी त्यांना तोंडावर म्हटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "भांडायला दोन्हीसाठी जागा आहे. चला माझ्यासोबत." म्हणून आमच्या शाळा-तपासणीच्या सामानात वजनकाट्याशेजारी दाबाचे यंत्र आले आणि शिंप्याकडची एक टेप आली. मुलांचे पोट टेपने मोजणारा डॉक्टर पाहून शाळाशाळांतून खूप हसू झाले. "चड्डी शिवून देता का, साहेब?" असे एका पोट्ट्याने विचारलेही. डॉक्टरांनी त्याचेही पोट मोजले.

त्या तपासणीत पांढुर्ण्याच्या एका शाळेत शालू भेटली.

शनिवार होता. शनिवारी शाळेत नखे, दात, कान, मान पाहायची पद्धत तुम्हाला माहीत आहे. मला चांगलीच माहीत आहे. माझ्या लहानपणी गुरुजी आमच्या वस्तीतल्या मुलांची रांग आधी बोलवायचे आणि मान पाहताना पट्टीने कॉलर बाजूला करायचे, बोटाने नाही. तेव्हापासून 'मळ' हा शब्द ऐकला की माझ्या कानशिलात काहीतरी वाजते. आम्ही आत शिरलो तेव्हा नळाजवळ एक मुलगी एकटी उभी होती. आठवी-नववीतली, जाडसर, दोन वेण्या पुढे घेतलेल्या. ओढणी मानेला गुंडाळलेली.

वर्गाच्या बाई आम्हाला समजावून सांगू लागल्या, "चांगल्या घरची आहे हो, हॉटेल आहे त्यांचं. पण दर शनिवारी हीच मान. किती वेळा सांगावं? आता धुतल्याशिवाय वर्गात घेत नाही मी."

डॉक्टरांनी मुलीला ओढणी काढायला सांगितली. मानेच्या मागे काळा, जाड पट्टा होता. आणि त्या पट्ट्यावर जागोजागी साल गेलेली, लाल झालेली.

"हे काय लावलं, बेटा?"

"संत्र्याच्या सालीची भुकटी. आई घासून देते. आज वजरीनं घासली." वजरी म्हणजे टाचा घासायचा खरबरीत दगड.

डॉक्टरांनी लाल भाग सोडून उरलेल्या कातडीवर बोट फिरवले. मग माझे बोट धरून तिथे ठेवले. ती कातडी मऊ होती, मखमलीसारखी, तिला बारीक घड्या होत्या. मळ असा लागत नाही. मळ खरबरीत असतो आणि निघतो.

"हा मळ नाही," डॉक्टर म्हणाले. "शरीर आतून पाठवत असलेली खबर आहे. कितीही घासली तरी निघायची नाही."

शालू रडेल असे मला वाटले. ती रडली नाही. तिने वेणी मागे टाकली आणि म्हणाली, "मग हे बाईंना सांगा ना, डॉक्टरसाहेब. मोठ्यानं सांगा. वर्गात ऐकू गेलं पाहिजे."

मी आजवर खूप सभा ऐकल्या आहेत. इतकी नेमकी मागणी क्वचित ऐकली. डॉक्टर वर्गात गेले आणि मोठ्याने सांगितले. वर्गातल्या बाई खाली पाहत होत्या, पण त्यांनी स्वतः जाऊन शालूला तिच्या जागेवर नेऊन बसवले, हेही सांगितले पाहिजे.

टेपने पोट मोजले, ते वयाच्या मानाने बरेच होते. दाब घेतला, तो वरच्या बाजूला. डॉक्टरांनी तिला थोडा वेळ गप्पा मारत बसवून पुन्हा घेतला, कारण मुले घाबरली की दाब चढतो, आणि जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला तरी खोटा चढतो. रुंद पट्टा बांधूनही तो वरच आला. लघवी मी तिथेच उकळली.

निळीच राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी गेलो. शालूच्या आईने, सुमनवहिनींनी, पहिल्यांदा तेच धरले. "निळी आली म्हणता ना? मग झालं तं. काहून पोरीच्या मागे लागता?"

हॉटेल पुढे, घर मागे. शालूचे वडील वसंतराव कढईपाशी बसलेले, गळ्यात नेहमीचा दुपट्टा. जाड, हसरा, दिलदार माणूस. आम्हाला पाहून त्यांनी पहिल्यांदा जिलबी मांडली.

मी त्यांना बागेचे सांगितले. बागेला पाणी देताना पाट भरतो आणि काठ फोडून पाणी रस्त्यावर येते, तेव्हाच रस्त्याने जाणाऱ्याला कळते. लघवीत साखर दिसते ती तशी, रस्त्यावर आलेली. पाटात पाणी किती चढले आहे ते पाहायचे असेल तर पाटातच पाहावे लागते. म्हणजे रक्त. उपाशीपोटी एकदा, आणि ग्लुकोजचे पाणी पाजून एकदा.

वसंतराव हसायचे थांबले. "बाई, सौंसरच्या दवाखान्यात रक्त काढलं, म्हणजे सांजेपर्यंत पांढुर्ण्यात कळलं. पोरीच्या नावानं साखर लागली की कोण करन तिच्याशी लग्न? उद्या तुमी येसान का पाहुणे घेऊन?"

"भाऊ, लग्नाला वेळ आहे. तेव्हा ती धडधाकट पाहिजे का नको?"

"खात्या घरची पोरगी आहे. जाडी दिसते, बस. तुमी नळ्या पाहा, बाई, माणसं पाहायचं आमाले कळते."

मी उलट बोलणार होते. तोंडात वाक्य तयार होते, आणि चांगले धारदार होते. डॉक्टरांनी माझ्याकडे नुसते पाहिले. आम्ही जिलबी न खाता उठलो, आणि आमच्या भागात हा अपमान समजतात. दारात सुमनवहिनी मागून आल्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, माझ्या नणंदेची मान अशीच होती. कमलवन्संची. आमी तिला काळमानी म्हणत होतो. चिडवत होतो. लग्नात हळद लावताना बायांनी तिची मान घासू घासू लाल केली होती."

"त्या कुठे असतात आता?"

"नाही आता. पाय कापला होता नागपूरले. मग गेली." आणि त्या आत वळल्या.

आता खरोखर काय पणाला लागले होते, ते त्या घरात दोनच माणसांना कळले होते. एक आई, आणि दुसरी दाराआडून ऐकणारी मुलगी.

पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. नदीच्या दोन काठांवरून माणसे एकमेकांना दगड मारतात आणि डोकी फुटतात. फुटलेले डोके सगळ्यांना दिसते. त्याच्यासाठी डॉक्टर धावतात, गाड्या धावतात, पोलीस धावतात. हा दुसरा दगड सावकाश येतो आणि त्याचे रक्त दिसत नाही. एक बाई कढईच्या मागे उभी राहून तो येताना पाहत होती आणि तिला ओरडायची परवानगी नव्हती.

म्हणून तिने देवाला मध्ये घातले. पुढच्या शनिवारी मायलेकी सकाळच्या पहिल्या एसटीने सौंसरला उतरल्या. घरी सांगितले होते की जामसावळीच्या हनुमानाला जातो, पोरीचा उपास बोलली आहे. जामसावळी सौंसरपासून जवळ, रस्ता एकच, आणि मारुतीच्या उपासाला वसंतरावांनी नाही म्हणणे शक्य नव्हते. मला इतका आनंद झाला की मी सुई उकळायला ठेवली आणि सहज विचारले, "उपाशी आहे ना शालू?"

"कडक," वहिनी म्हणाल्या. "मी तं म्हटलं होतं, उपास म्हणजे उपास. काल सांजेपासून अन्नाचा कण नाही. सकाळी फक्त साबुदाण्याची उसळ, दोन केळी अन् रताळ्याचा शिरा."

सुई मी तशीच झाकून ठेवली. पुस्तके लिहिणाऱ्यांना आमचा उपास माहीत नाही. त्या दिवसापासून मी 'उपाशी या' असे कोणाला सांगत नाही. 'पाण्याशिवाय काही तोंडात घालू नका, उपासाचंही नाही,' असे सांगते. तुम्ही या कामात असाल तर हे लक्षात ठेवा.

शालू हसत सुटली. "आई, आता पुढच्या शनिवारीही मारुती?"

"बोलावलं तं जावं लागते," वहिनी गंभीरपणे म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी मुलगी खरोखर उपाशी आली. रक्ताची तपासणी लघवीच्या उलट असते. इथे रंग हिरवा उमटतो आणि तो जितका गडद तितकी साखर जास्त. डोळ्यांवर सोडत नाहीत, यंत्रात घालून मोजतात. उपाशीपोटीचा हिरवा फिका होता. ग्लुकोजनंतरचा तेवढा फिका नव्हता. रोग म्हणावा इतका गडद नव्हता आणि निरोगी म्हणावा इतका फिकाही नव्हता. मी पुन्हा तपासला. तसाच आला.

डॉक्टरांनी मायलेकींना समोर बसवले. "पोट, दाब, साखर आणि रक्तातली चरबी," ते म्हणाले, "हे चार चोर सोबत हिंडतात. एक दिसला की बाकीचे आसपास असतात असं समजायचं. यांच्या टोळीला अजून पुस्तकात धड नाव नाही. आपल्याकडे ते अंगणात आले आहेत, घरात शिरलेले नाहीत. आज औषध नाही. खाणं आणि चालणं."

"किती दिवस?" शालूने विचारले.

"आयुष्यभर."

"मग आजपासून करू," ती म्हणाली. जसे काही गृहपाठच दिला होता.

तिला काय खातेस म्हणून विचारले तेव्हा उत्तर सोपे होते. घरी जेवण बेताचे. पण हॉटेल बंद व्हायच्या वेळी परातीत जे उरायचे, आलूबोंडे, भजी, जिलब्या, ते मागे घरात यायचे. अन्न टाकायचे नाही, हा त्या घरातला नियम. गिऱ्हाइकाला शिळे द्यायचे नाही, हा दुसरा. दोन्ही नियम इमानदारीचे, आणि दोन्हींच्या मध्ये शालू. लाडकी लेक, तिच्या ताटात रोज संध्याकाळी इमानदारी वाढली जायची.

मी तिला म्हटले, बापाला सांग, कमी तळ. ती घरी जाऊन बोलली. मारुतीच्या आड काय घडले तेही तिने सांगून टाकले, आईच्या समोर. वसंतराव दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले की परात अर्धी दिसली तर गिऱ्हाईक समोरच्या हॉटेलात जाते, धंदा तुले काय कळते.

मी हे ऐकून पत्रक काढायचे ठरवले. वडिलांच्या जुन्या छापखान्यातून छापून घेतले. ठळक मथळा, 'गोडाच्या गुलामांनो, जागे व्हा'. त्यात मी साखर कारखानदारांपासून शाळेच्या शनिवारपर्यंत सगळ्यांची खबर घेतली होती. पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर स्वतः वाटले. लोकांनी मन लावून घेतले आणि वसंतरावांच्याच हॉटेलात त्यावर भजी खाल्ली.

शालूने एक पत्रक जपून ठेवले होते. सौंसरला आली तेव्हा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "ताई, राग नका मानू. हे लय भांडून राहिलं. वाचल्यावर वाटते आपलंच चुकलं. पण करायचं काय, ते कुठं आहे? मान कशी पाहायची, तेवढंच लिहायचं होतं."

मी ते पत्रक घडी करून ठेवून दिले. हा लेख त्याचे उत्तर आहे.

आणि तिने स्वतः काय केले ते ऐका. तिने मागच्या खोलीतून हळदीकुंकवाला काढायची लहान परात घासूनपुसून काढली आणि सकाळी बापाच्या काउंटरवर ठेवली. मोठी परात आत नेली. लहान परातीत तेवढ्याच बोंड्यांचा डोंगर झाला.

"पाहा," ती बापाला म्हणाली. "भरलेली आहे का नाही?"

वसंतरावांनी दुकानाबाहेर जाऊन, रस्त्याच्या पलीकडून, गिऱ्हाइकाच्या नजरेने परात पाहिली. परत आले आणि म्हणाले, "दिसते तं डोंगरासारखी." थोडे थांबून म्हणाले, "माय, तुई आत्या गेली ना, तीही अशीच डोकेबाज होती." आणि कढईकडे वळले. संपले की पुन्हा तळायचे, गरम गरम. गिऱ्हाईक उलट वाढले. संध्याकाळी मागे न्यायला काही उरेना.

चालायचे काम अवघड होते. मोठ्या होत चाललेल्या मुलीने रस्त्याने नुसते चालणे आमच्याकडे बसत नाही. कुठे चालली, कोणाकडे चालली, काहून चालली. म्हणून सुमनवहिनी सोबत निघू लागल्या, हातात पूजेची थाळी घेऊन, म्हणजे विचारणारा गप्प बसतो. गावाबाहेरच्या बागांपर्यंत जायचे आणि परत यायचे. देवळे बदलत गेली, रस्ता लांबत गेला. काही दिवसांनी शेजारच्या बाया थाळ्या घेऊन सोबत येऊ लागल्या. मग एक दिवस थाळ्या घरीच राहिल्या आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. माझ्या मते पांढुर्ण्यातला हा एक मोर्चा होता. घोषणा नव्हत्या, एवढेच. शाळेत शालू कबड्डीत उतरली. पहिल्यांदा तिला फक्त पकडीसाठी ठेवायचे, जाड आहे, हलणार नाही म्हणून. ती हलली.

वर्षभर हे चालले. सोपे होते असे मी म्हणणार नाही. दिवाळीत ती फराळाच्या ताटासमोर रडली, हे वहिनींनी मला सांगितले. लग्नाच्या पंगतीत बाया तिच्या पानावर जबरदस्तीने बुंदी वाढायच्या आणि नाही म्हटले की 'शहाणी झाली' म्हणायच्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने सगळ्या गावाच्या आग्रहाला नको म्हणायचे, याला काय लागते ते ज्याने म्हणून पाहिले त्यालाच ठाऊक. मी पोलिसांसमोर घोषणा दिल्या आहेत. पंगतीत मला अजून नको म्हणता येत नाही.

मग पुन्हा रक्त घेतले. मारुतीच्या नावाने नाही. वसंतराव स्वतः मुलीला घेऊन आले, भर बाजाराच्या दिवशी, सगळ्यांसमोर बाकावर बसले. ग्लुकोजनंतरची नळी मी यंत्रात घातली. फिकी. उपाशीपोटीच्या जवळ जाणारी फिकी. दाबही खाली. मानेचा पट्टा पूर्ण गेला नव्हता, पण पावसाने धुतलेल्या भिंतीवरच्या रंगासारखा विरळ झाला होता. डॉक्टरांनी त्या दिवशी चहा गरम प्यायला.

"झालं ना, बाई? सुटली ना पोरगी?" वसंतराव म्हणाले.

"आज सुटली. पुढेही असंच पाळलं तर सुटलेलीच राहील."

तेव्हा शालू म्हणाली, "बाबा, दुपट्टा काढा."

"काहून?"

"काढा तं."

तिने स्वतःच तो काढला. इतकी वर्षे त्या कढईपुढे घाम पुसणारा दुपट्टा. खाली मान होती, काळी, जाड, घड्या पडलेली. मुलीने तिच्यावर बोट फिरवले, आमच्या डॉक्टरांनी शाळेत फिरवले होते तसे, आणि माझ्याकडे पाहिले. मी लघवीची रिकामी बाटली वसंतरावांपुढे केली.

त्यांची नळी निळी राहिली नाही. हिरव्यावरही थांबली नाही. मी ती दिव्यावरून काढली तेव्हा ती विटकरी होती. वसंतरावांनी ती उजेडात धरून पाहिली. मग लेकीला म्हणाले, "आमच्या टायमाले कोणी मान पाहणारं नव्हतं, माय."

ते आता गोळ्या घेतात, पाय रोज धुऊन पाहतात, आणि बागेपर्यंत चालणाऱ्या बायांच्या मागे, थोडे अंतर ठेवून, चालतात. त्यांच्यासाठी आम्ही उशिरा पोचलो. ही खंत माझ्या मनातून जात नाही. कमलवन्संसाठी तर कोणीच पोचले नाही. हळद लावणाऱ्या, घासणाऱ्या, चिडवणाऱ्या इतक्या हातांनी तिच्या मानेला स्पर्श केला आणि एकालाही ती वाचता आली नाही.

त्या शाळेत शनिवारी आताही मान पाहतात. पण काळी मान दिसली तर नळापाशी पाठवत नाहीत, आमच्याकडे पाठवतात. ज्या बाईंनी शालूला उभे केले होते, त्याच पाठवतात. बोट फिरवून बघतात, पट्टीने नाही.

आता माझी मागणी, शालूने सांगितली तशी, न भांडता.

हा अंक तुमच्या हातात आहे म्हणजे दिवाळी आली. नरकचतुर्दशीला पहाटे तुम्ही मुलांना पाटावर बसवाल, तेल लावाल, उटणे लावाल. उटण्याचा हात मानेच्या मागे गेला की क्षणभर थांबा. दिव्याच्या उजेडात नीट पाहा. तिथे काळा पट्टा असेल, बोटाला मखमल लागत असेल आणि पाणी ओतून तो निघत नसेल, तर घासू नका. मुलाला रागावू नका. प्रत्येक काळी मान म्हणजे साखर नव्हे, पण प्रत्येक काळी मान तपासण्यासारखी असते. मूल जाडसर असेल, घरात कोणाला साखर किंवा दाब असेल, तर नक्कीच. दिवाळी संपली की त्याला जवळच्या दवाखान्यात न्या, दाब पाहायला सांगा आणि रक्त तपासायला सांगा. लघवी निळी आली म्हणून परत फिरू नका.

आणि मुलाची आंघोळ झाली की त्याच पाटावर तुम्ही बसा. तुमची मान त्याला पाहू द्या.